पडद्यावरचा प्वारो

अगाथा ख्रिस्तीचा बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल प्वारो १९८९ ते २०१३ या प्रदीर्घ कालखंडात, ७० भागांतून, ब्रिटिश दूरचित्रवाणीवर साकार करणाऱ्या डेव्हिड सूशे या नटाने मूळ ग्रंथांचे पारायण करून त्याच्या लकबींची ९३ कलमांची यादी स्वहस्ते सिद्ध केली होती. प्वारो फ्रेंच नव्हे, बेल्जियन, ही नोंद तीत आवर्जून होती. अशी निष्ठा दुर्मीळच.

तथापि केवळ निष्ठेने न सुटणारा पेच ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या १९२६च्या कादंबरीने घातला. तिथे सारी हकीकत गावातले डॉक्टर सांगतात, आणि त्यांनी जेवढे टिपून ठेवावे तेवढेच वाचकाच्या पदरात पडते. कॅमेरा मात्र तटस्थ साक्षीदार; ज्या खोलीत तो शिरतो तिथला सगळा मुद्देमाल तो प्रेक्षकापुढे मांडतो, आणि निवेदकाच्या मौनात दडलेले रहस्य तिथे निराधार होते. २०००च्या रूपांतराने डॉक्टरांचे निवेदन काढून प्वारोच्या हाती एक रोजनिशी दिली खरी, परंतु लेखिकेने शब्दाशब्दांत पेरलेली ती विलक्षण फसवणूक, माझ्या मते, पडद्यावर उतरली नाही.

उलट २०१०च्या ‘ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये कथेत नसलेला धर्मश्रद्धेचा संघर्ष प्वारोच्या मनात घालण्याचे धाडस पूर्णतः समर्थनीय ठरले, कारण खुन्याचा छडा लागल्यानंतर न्याय कोणी करावा, हा प्रश्न मूळ कथेतच अनुत्तरित उभा होता.