ख्रिस्ती धर्मातील श्रम व आशीर्वाद

रोजच्या कामावर ईश्वराची कृपा असावी, म्हणून ख्रिस्ती श्रद्धावंतांनी करावयाची प्रार्थना व तिच्याशी निगडित धर्मविधी. श्रम हे ईश्वराने माणसावर सोपविलेले कार्य आहे आणि त्याचे फळ केवळ मानवी कर्तृत्वावर अवलंबून नसते, या दोन धारणा तिच्या मुळाशी आहेत.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात मानवाला एदेन बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवल्याचा उल्लेख आहे. त्यानुसार श्रम पतनापूर्वीचे असून पतनानंतर त्यांत कष्ट व क्लेश आले. स्तोत्रसंहितेतील नव्वदाव्या स्तोत्रात हातचे काम सिद्धीस नेण्याची याचना आढळते. येशू स्वतः सुतार होता आणि पौल तंबू तयार करण्याचा व्यवसाय करी. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत एका दिवसापुरत्या भाकरीचे मागणे आहे, संचयाचे नाही.

फ्रान्समधील व्हिएनचा बिशप मामर्टस याने सु. ४७० मध्ये आपत्तिनिवारणार्थ स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवसांच्या प्रार्थना सुरू केल्या. पुढे त्यांचा संबंध शेतातील पिकांशी जोडला गेला. संत बेनेडिक्ट (सु. ४८०–५४७) याने मठवासीयांच्या दिनक्रमात प्रार्थना व अंगमेहनत यांची सांगड घातली. मार्टिन ल्यूथरच्या (१४८३–१५४६) मते धर्मगुरूच्या कार्याइतकेच चांभाराचे वा गृहिणीचे कामही ईश्वरदत्त होय. रोमन कॅथलिक पंथात पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा ‘कामकरी संत योसेफ’ यांचा सण म्हणून घोषित केला.

महाराष्ट्रात या श्रद्धेला स्थानिक व्यवसायांनुसार निरनिराळी रूपे मिळाली. मुंबई, साष्टी व वसई या भागांतील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ हा सुगीचा सण पाळतो. भाताच्या नव्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणून धर्मगुरूकडून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. नासिकजवळील शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविली. गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे धर्मशिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम इ. व्यवसाय शिकविले जात. नासिक येथे शिकलेला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सहभागी होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन यांचे हृदय पुरताना त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली व जवळच्या झाडावर स्मृतिलेख कोरला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव येथील मुक्तिसदनात उपासनेबरोबर शेती, विणकाम, मुद्रण इ. कामे चालत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या मुद्रणात तेथील स्त्रियांचा वाटा होता.

आशीर्वाद म्हणजे यशाची हमी, असा अर्थ मात्र ख्रिस्ती शिकवणुकीत अभिप्रेत नाही. नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. तेथे पीक उत्तम येऊनही आवक वाढताच भाव कोसळतो व शेतकऱ्याचा उत्पादनखर्चही निघेनासा होतो. अशा प्रसंगी तोटा हा ईश्वरी अवकृपेचा पुरावा मानल्यास भाव कोसळण्यामागील मानवी कारणे दृष्टिआड होतात आणि दोष कष्टकऱ्याच्या श्रद्धेवर येतो. ईयोबाच्या पुस्तकात सज्जनाच्या वाट्यास आलेली विपत्ती ही पापाची शिक्षा असल्याचे त्याच्या मित्रांचे म्हणणे ईश्वरच अमान्य करतो. याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची अडकविलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे म्हटले आहे. त्यामुळे स्वतःच्या कामावर आशीर्वाद मागणाऱ्यावर दुसऱ्याच्या श्रमाचे योग्य मोल देण्याचे बंधनही येते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमापेक्षा श्रम करणारा माणूस श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले. या दृष्टीने प्रार्थना प्रयत्नांची जागा घेत नाही. प्रामाणिकपणे काम करून त्याचे फळ ईश्वरावर सोपविण्याची आणि अपयशातही उमेद न सोडण्याची वृत्ती ती जोपासते.