मोटारगाडीतील इशारादीप

मोटारगाडीच्या चालकासमोरील फलकावर बसविलेले व एखाद्या यंत्रणेतील बिघाडाची सूचना देणारे विजेचे लहान दिवे. वंगण तेलाचा दाब, घटमालेचे विद्युत् भारण व ब्रेक यांसाठी असे दिवे सामान्यतः असतात. प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या अँबॅसडर (अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले) यांसारख्या गाड्यांतील विद्युत् मंडले इतकी साधी आहेत की, परीक्षण-दिवा व व्होल्टमापक यांच्या साहाय्याने त्यांतील बहुतेक दोष शोधता येतात.

भारणाचा दिवा घटमाला व जनित्र यांच्या दरम्यान जोडलेला असतो. एंजिन बंद असता जनित्राच्या बाजूस विद्युत् दाब नसल्यामुळे दिव्यातून प्रवाह वाहतो. जनित्र फिरू लागून दोन्ही टोकांचे दाब समान झाले की, दिवा विझतो. म्हणून चावी फिरविल्यावर मुळीच न पेटणारा दिवाही तितकाच संशयास्पद मानावा. अनेक अल्टरनेटरांत चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यास लागणारा प्रारंभिक प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. दिवा जळाल्यास भारण सुरू होत नाही आणि निर्दोष अल्टरनेटर विनाकारण बदलला जातो. एंजिन चालू असता १२ व्होल्टी घटमालेच्या अग्रांवर सु. १३·८ ते १४·४ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. तो कमी असल्यास प्रथम पट्ट्याचा ताण व अग्रांवरील गंज पहावा. हा गंज खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत जनित्र व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. त्यामुळे धावत्या गाडीत हा दिवा पेटून तापमानही वाढू लागले, तर पट्टा तुटला असे समजून एंजिन त्वरित बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून गंभीर भाजते.

तेलाचा दिवा सर्वांत महत्त्वाचा होय. एंजिनावरील दाबसंवेदी स्विच दाब नसताना मंडल पूर्ण करतो व दाब आल्यावर ते तोडतो. धावत्या गाडीत दिवा पेटल्यास थांबून तेलाची पातळी मोजावी; दाबाविना एंजिन काही मिनिटे चालले, तरी भुजादंडाचे धारवे निकामी होऊ शकतात. पातळी योग्य असल्यास स्विचची तार काढून पहावी. दिवा तरीही पेटलेला राहिला, तर तार कोठेतरी सांगाड्यास टेकलेली असते. तो विझला, तर स्विच सदोष आहे की दाबच कमी आहे, हे स्विचच्या जागी दाबमापक बसवून ठरवावे. नुसता स्विच बदलून पाहण्याची रूढ पद्धत धोक्याची आहे. तापलेले एंजिन मंद गतीने चालताना दिवा लुकलुकणे हे बहुधा पातळ झालेल्या तेलाचे वा झिजलेल्या धारव्यांचे लक्षण असते.

ब्रेकचा दिवा हातब्रेक सोडल्यावरही राहिल्यास द्रवाची पातळी पहावी. अस्तरे झिजली की पातळी हळूहळू उतरते. ती एकाएकी उतरल्यास गळती समजून गाडी चालवू नये.

दिशादर्शक लावताच इतर दिवेही मंद लुकलुकू लागले, तर सांगाड्याशी असलेली विद्युत् जोडणी सैल किंवा गंजलेली असते. कोकणातील दमट, खारट हवेत हा दोष विशेष आढळतो. जोडणी उघडून धातू घासून स्वच्छ केल्यास तो दूर होतो.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असलेल्या गाड्यांत एंजिनाचा पिवळा दिवा पेटल्यावर संगणकात दोषाचा संकेतांक साठविला जातो. तो सदोष मंडल दर्शवितो, सदोष भाग दर्शवितोच असे नाही, उदा., ऑक्सिजन संवेदकाचा संकेतांक हवेच्या नळीतील गळतीमुळेही येतो. घटमाला सोडविल्यास बहुधा दिवा तात्पुरता विझतो, पण ही साठविलेली माहितीही त्याबरोबर पुसली जाते.