ऐकणारा बॉक्स बोलू लागतो तेव्हा

आज विषय अगदी घरगुती घेतला आहे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स घरच्या वाय-फायला कसा जोडायचा, एवढाच. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्यांनी या भानगडीत कशाला पडावं, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर आत्ताच दिसतो आहे. त्याचं कारण असं, की मोरिवलीत आम्ही ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी बसतो तेव्हा मोक्षापेक्षा हा विषय जास्त वेळा निघतो. (हशा) हसू नका. मुलगा बंगळुरूला, सून कामावर, नातू महिन्यातून एकदा येणार, आणि पडद्यावर ‘नेटवर्क नाही’ अशी पाटी. मग तो नातू येईपर्यंत थांबायचं, नाहीतर कुठल्यातरी नंबरवर फोन करायचा. त्या फोनातून काय काय होऊ शकतं, तेही आज बोलायचं आहे.

आधी एक कोडं घालतो. ज्या उपग्रहावरून आपल्याकडे डीटीएचची चित्रं येतात तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. तिथून निघालेली लहर आपल्या गॅलरीतल्या छत्रीवर पडते आणि बॉक्स ती बिनबोभाट पकडतो. तोच बॉक्स पंधरा फुटांवरच्या, मधल्या खोलीतल्या राऊटरला मात्र सापडत नाही. एवढ्या लांबचं ऐकू येतं आणि शेजारच्या खोलीतलं नाही, हे कसं?

याचं अर्धं उत्तर सगळ्यांना सुचतं. छत्री उघड्यावर असते, तिच्या आणि उपग्रहाच्या मध्ये भिंत नसते, आणि तिचा आकारच असा की पसरलेली लहर एका बिंदूवर गोळा व्हावी. उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. छत्रीचा बॉक्स फक्त ऐकतो. तो उपग्रहाला काहीही सांगत नाही, सांगूच शकत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून टीव्हीची रीत हीच राहिली. तिकडून एकाने बोलायचं आणि इकडे लाखोंनी ऐकायचं. कीर्तनासारखं म्हणा. बुवांना मागच्या रांगेतले आजोबा जागे आहेत की डुलक्या घेतायत हे कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून कीर्तन थांबतही नाही. पुढे २००३ पासून खासगी डीटीएच आलं, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत सेवा आली, नंतर केबलवाल्यांनाही डिजिटल बॉक्स सक्तीचा झाला. चित्र सुधारलं, पण रीत तीच राहिली.

वाय-फायला जोडलं की ही रीत मोडते. आता बॉक्स मागतो आणि समोरून उत्तर येतं. ‘मला कालचा भाग दाखव’ असं तो राऊटरला सांगतो, राऊटर बाहेर विचारतो, उत्तर आणून देतो. एका सेकंदात अशी देवाणघेवाण शेकडो वेळा होते. म्हणजे हा संवाद आहे, आणि संवादाला दोघांचाही आवाज एकमेकांपर्यंत पोचावा लागतो. राऊटरचा आवाज बॉक्सपर्यंत आला, पण बॉक्सचा क्षीण आवाज राऊटरपर्यंत गेला नाही, तर जोडणी होत नाही. जोडणीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. पाठ करायची गरज नाही.

पहिला नियम: प्रत्येक बॉक्सला तोंड असतंच असं नाही. साधा बॉक्स, विशेषतः मोफत डिशचा, बहुतेक वेळा फक्त ऐकणारा असतो. त्याला वाय-फाय लागत नाही आणि जोडताही येत नाही. मागची बाजू पाहा. सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ असा भाग आहे का ते पाहा. नसेल तर तिथेच थांबा, उगाच बटणं दाबत बसू नका. काही बॉक्सना मागच्या यूएसबीच्या खाचेत लहानसा डोंगल लावून तोंड देता येतं, पण तो त्या कंपनीने त्या बॉक्ससाठी सांगितलेलाच असावा लागतो. बाजारातला कुठलाही चालेल अशी आशा धरू नये. आणि हेही सांगून ठेवतो, की नेहमीच्या वाहिन्या पाहायला वाय-फाय लागतच नाही. मालिका सुटली तर नंतर पाहायची असेल, सिनेमांची ॲप्स हवी असतील, तरच हा खटाटोप. ज्यांना बातम्या आणि आस्था वाहिनी पुरते, त्यांनी सुखाने घरी जावं.

दुसरा नियम भिंतींचा. मोरिवलीत आता जुनी बैठी घरंही आहेत आणि एमआयडीसीच्या आसपास उभे राहिलेले टॉवरही. पत्र्याच्या छपराचं किंवा साध्या विटेचं घर वेगळं आणि आरसीसीची भिंत वेगळी. आतल्या लोखंडी सळ्या लहरींना अडवतात. घरातलं वाय-फाय बहुधा दोन पट्ट्यांत बोलतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटीमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्मी. लांब लहर भिंत जास्त चांगली ओलांडते, पण तिचा वेग कमी, आणि टॉवरमध्ये तिथे गर्दीही फार. यादी उघडली की वीस शेजाऱ्यांची नावं दिसतात ना? त्यातले बरेच त्याच पट्ट्यात बोलत असतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह शेगडी, ब्लूटूथ, सगळे तिथेच. ५ ची लहर वेगवान, पण दोन भिंतींत दमते. म्हणून बॉक्स राऊटरच्याच खोलीत असेल तर ५, लांब असेल तर २.४. काही जुन्या बॉक्सना ५ चं नावच दिसत नाही. मोबाइलवर जे नाव दिसतं ते टीव्हीवर दिसत नसेल, तर बहुधा हेच.

राऊटर कुठे ठेवता? बुटांच्या कपाटात, लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, कारण वायर दिसू नये. शोभा होते खरी, पण टीव्ही आणि कपाट म्हणजे लहरीसमोर धरलेली ढाल. राऊटर उघड्यावर, खांद्याइतक्या उंचीवर, घराच्या मध्याच्या जवळ असावा. आणि बॉक्सला लॅनची खाच असेल, राऊटरही जवळ असेल, तर सरळ वायर लावा. ना परवलीचा शब्द, ना भिंत, ना शेजारी.

परवलीचा शब्द म्हटलं, तर थोडं त्यावर. पासवर्डला हा आपला जुना शब्द फार चपखल आहे. गडाच्या दारावर पहारेकरी विचारणार, येणाऱ्याने शब्द सांगायचा. फरक एकच: तिथे शब्द मोठ्याने उच्चारावा लागे आणि झुडपात लपलेल्यालाही तो ऐकू जाई. वाय-फायमध्ये शब्द हवेत जातच नाही. राऊटर आणि बॉक्स दोघे आपापल्याकडच्या शब्दावरून एक गणित सोडवतात आणि फक्त उत्तरं ताडून पाहतात. उत्तर जुळलं, म्हणजे शब्द तोच. आमच्या न्यायदर्शनात शब्द आणि अर्थ यांचं नातं संकेताने, म्हणजे ठरवण्याने, जुळतं असं मानतात. मीमांसक ते नातं नित्य मानतात. वाय-फायच्या बाबतीत नैयायिक जिंकले. (हशा) दोघांनी ठरवलेलं तेवढंच चालतं. मोठा ‘ए’ आणि लहान ‘ए’ वेगळे, शून्य आणि ‘ओ’ वेगळे. रिमोटने टाइप करताना निम्मे लोक इथेच अडकतात. ‘पासवर्ड दाखवा’ अशी चौकट असेल तर तिच्यावर खूण करा आणि एकेक अक्षर वाचून पाहा. राऊटरवर डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण असेल आणि बॉक्सच्या यादीतही तो पर्याय असेल, तर टाइप न करताही भागतं. राऊटरचा शब्द बदलला की बॉक्स मात्र जुनाच शब्द घोकत बसतो. अशा वेळी ते नाव निवडून ‘विसरा’ म्हणायचं आणि पुन्हा नव्याने जोडायचं.

आता मुख्य भागाकडे येतो. एवढं करूनही चाललं नाही तर? इथे घाबरगुंडी उडते. चार बटणं एकदम दाबली जातात, राऊटर बंद, बॉक्स बंद, वायरी काढल्या, घातल्या. मग चाललं तरी कशाने चाललं ते कळत नाही, आणि उद्या बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. कारण शोधायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे अन्वय-व्यतिरेक. हे असताना ते असतं, हा अन्वय. हे नसताना ते नसतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या त्याच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास हाच विचार आपल्या पद्धतीने मांडला. वापरताना पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

कसं ते पाहा. आपला मोबाइल घ्या, त्याचा स्वतःचा डेटा बंद करा, फक्त वाय-फाय चालू ठेवा आणि बॉक्सच्या अगदी शेजारी धरा. बातम्यांचं एखादं पान उघडा. उघडलं, तर राऊटर ठीक, बाहेरची लाइन ठीक, लहर इथवर पोचते आहे. दोष बॉक्सकडे किंवा त्यात टाकलेल्या शब्दाकडे. नाही उघडलं, तर मोबाइल घेऊन राऊटरजवळ जा. तिथे उघडलं? मग अडथळा मधल्या भिंतीचा. तिथेही नाही? मग बॉक्सला बोल लावू नका, बाहेरून इंटरनेटच येत नाही. ‘कनेक्टेड’ असं दिसत असूनही काही चालत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की बॉक्स राऊटरपर्यंत पोचला. राऊटर जगापर्यंत पोचला की नाही, याची ग्वाही तो शब्द देत नाही.

उलट बाजूनेही तपासता येतं. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून बॉक्स त्याला जोडा. चाललं, तर बॉक्स निर्दोष. पण ही फक्त परीक्षा, बरं का. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने चांगलं चित्र पाहिलं तर तासाला सव्वादोन जीबी होतात. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मोबाइलवर सिनेमा मध्यंतरापर्यंतही जेमतेम पोचेल.

पावसाळ्यात याच पद्धतीचा फार उपयोग होतो. जुलैत मोठी सर आली की वाहिन्यांचं चित्र तुटतं, ‘सिग्नल नाही’ येतं, आणि लोक राऊटर बंद-चालू करत बसतात. छत्रीवर येणारी लहर अडीच सेंटीमीटरच्या आसपासची असते. दाट पाऊस तिला शोषतो, विखरतो. घरातल्या वाय-फायला पावसाचं सोयरसुतक नाही. तेव्हा वाहिनी दिसत नाही पण ॲप चालतं, तर दोष आभाळात आहे, सर ओसरू द्या. ॲप चालत नाही पण वाहिनी दिसते, तर दोष इंटरनेटच्या बाजूला. दोन्ही बंद, तर लाइट गेली आहे. (हशा) लाइट परत आल्यावर राऊटरला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, बॉक्स कधीकधी त्याच्या आधी जागा होतो, कुणी दिसत नाही म्हणून ‘नेटवर्क नाही’ असं जाहीर करून मोकळा होतो. आधी राऊटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मग बॉक्स चालू करावा. बहुतेक ‘बिघाड’ इथेच संपतात.

पुढच्या रांगेतून ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘कस्टमर केअरला फोन केला तर ते मोबाइलवर ॲप घ्यायला सांगतात, घ्यावं का?’ नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर कंपनीचाच असेल असं नाही. ठग स्वतःचे नंबर तिथे पेरून ठेवतात. खरा नंबर बिलावर, बॉक्सवर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये पाहावा. बॉक्स वाय-फायला जोडायला तुमच्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसण्याची गरज कधीच नसते. बँकेच्या ओटीपीची तर नाहीच नाही, आणि ‘फक्त दहा रुपये भरा’ याचीही नाही. असं कुणी मागितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. घरच्यांना काय वाटेल या संकोचात जे तास जातात, ते ठगाला हवेच असतात.

आणखी एक प्रश्न आहे: ‘जोडलेला बॉक्स आपल्याबद्दल काही सांगतो का?’ सांगू शकतो. ऐकणाऱ्या बॉक्सच्या काळात आपण काय पाहतो हे कुणाला कळत नव्हतं. टीआरपीसाठी निवडक घरांत वेगळं यंत्र बसवावं लागे. बोलणाऱ्या बॉक्सला ते यंत्र लागत नाही. तुम्ही काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कुठे कंटाळून बंद केलं, हे तो कळवू शकतो, आणि पहिल्यांदा चालू करताना आपण ‘सहमत’ हे बटण दाबलेलं असतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिलं आहे, पण न वाचता दिलेल्या संमतीचं काय करायचं हा प्रश्न कायद्यापेक्षा जुना आहे. आमचं मत विचाराल तर सेटिंगमध्ये ‘गोपनीयता’ हा भाग उघडून, जाहिरातींसाठी माहिती देण्याचे पर्याय बंद करावेत. चित्र त्याने बिघडत नाही.

शेवटचा प्रश्न, रात्री बॉक्स बंद करावा का. रिमोटने बंद केलेला बॉक्स खरं तर झोपलेला नसतो. भिंतीवरचं बटण बंद केलंत तरच तो गप्प होतो. काही बॉक्स रात्रीच स्वतःची सुधारणा उतरवून घेतात, तेव्हा पडद्यावर तशी सूचना असेल त्या रात्री बटण चालू राहू द्या. एरवी खुशाल बंद करा.