शनिवारी घाणा बंद!

दोस्तांनो, पुणे कॅम्पातलं लाल देऊळ पाहिलंय ना? 1867 साली पूर्ण झालं. म्हणायचं देऊळ, पण आहे ज्यूंचं सिनेगॉग! बांधलं बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी.

रास्ता पेठेतल्या सिनेगॉगचे बेने इस्रायल मात्र आपल्या कोकणातले. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावानं घाणा चालवायची सक्ती केली नाही, नाव तेवढं दिलं, ‘शनवार तेली’! घरात मराठी, आडनावं पेणकर, किहीमकर, आणि शुभकार्याला पोहे-नारळाचा मलिदा. (गोड असतो बरं का!)

हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. पुढं पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली. शाळा चालूच राहिली. तिथं मुसलमान मुलं मोठ्या संख्येनं शिकू लागली.

तुमच्या बाकावरच्या शेजाऱ्याच्या आडनावात कुठलं गाव दडलंय, विचारलंत कधी?