वर्षभराची फुले (‘घरशोभा’ लेखमाला : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात ताज्या फुलांच्या पाण्याविषयी लिहिले, ते वाचून डहाणूच्या एका भगिनींनी पत्राने अशी पृच्छा केली आहे की, ज्या समुद्रकाठच्या घरात आषाढ लागला म्हणजे पेटीतल्या साड्यांनाही दमट वास येऊ लागतो आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते, त्या घरात सुकवलेल्या फुलांची सजावट टिकेल अशी आशा बाळगणे व्यर्थ तर नव्हे, आणि व्यर्थ असल्यास प्लॅस्टिकची फुले आणण्यावाचून काही गत्यंतर उरते काय. प्रश्न इतका रास्त आहे की, या आठवड्याचा नियोजित विषय बाजूला ठेवून त्याचेच सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

सुकलेल्या फुलांनी घर सजवण्याची वहिवाट आपल्याला परक्यांकडून शिकावी लागलेली नाही. कोकणात नवान्नाच्या सुमारास भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, नाचणीचे कणीस आणि कुरडूचे तुरे एकत्र बांधून त्यांची जुडी दाराच्या चौकटीला आणि देव्हाऱ्याशी लावतात. तिला ‘नवे’ म्हणतात. ही जुडी दुसऱ्या दिवशी काढून टाकण्याचा शिरस्ता नाही. ती तिथेच सुकते, पाने आधी तपकिरी आणि मग राखी होतात, लोंब्यांतले दाणे चिमण्या एकेक करून नेतात, आणि पुढच्या वर्षीचे नवे येईतो ती चौकट सोडत नाही. गेल्या हंगामात शेताने काय दिले याचा तो दारावर लावलेला दाखलाच असतो. माझे सारे सांगणे या जुडीतून निघते. सुकलेले फूल आपल्या शिवारातले असावे, आणि त्याची मुदत एका वर्षाची समजावी. ही मुदत मान्य केली की पत्रातील निम्मी चिंता मिटते, कारण मग आपल्याला एक पावसाळा तेवढा निभावून न्यायचा असतो.

कार्तिकात भात कापून उडव्या रचल्या गेल्या की डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतील बांधांवर आणि माळांवर हे साहित्य मुबलक उभे असते. त्यात पहिला मान कुरडूचा. पावसाच्या आरंभी ज्याची कोवळी पाने आपण भाजी म्हणून खातो तेच हे रोप. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंड्यावर बोटभर तुरा असतो, खाली रुपेरी पांढरा आणि टोकाशी गुलाबी, आणि त्याच्या पाकळ्या जिवंतपणीच कागदासारख्या कोरड्या व सळसळत्या असल्यामुळे सुकताना त्याला गमावण्यासारखे पाणीच फारसे नसते. तुरा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून पाहावा. काळ्या, चकचकीत, बारीक बिया टपटप गळल्या तर तो उशिरा खुडला असे समजावे. टोकाची थोडी फुले उमलायची राहिली असताना खुडलेला तुरा आपला गुलाबी रंग अधिक काळ धरतो. परसातला कोंबडा हा याच कुळातला, तोही असाच उत्तम सुकतो. दुसरा मान मी दीपमाळेला देईन. देवळापुढच्या दगडी दीपमाळेप्रमाणे एका सरळ दांड्यावर ठरावीक अंतराने गोल गेंद रचलेले असतात, आणि केशरी फुले झडून गेल्यावर हे गेंद वाळून असे टोचरे होतात की हाताला फडके गुंडाळल्यावाचून दांडा तोडू नये; पण अशी एकच काडी कोपऱ्यात उभी केली तरी कोपरा भरून जातो.

याशिवाय फुग्यासारख्या पातळ कवचात दडलेली सागाची फळे, बाळगुटीत उगाळतात ती पीळदार मुरुडशेंग, तलवारीच्या पात्यासारखी टेटूची लांब शेंग, आणि बोर्डीच्या किनाऱ्यावर पायाखाली येणारी सुरूची लाकडी बोंडे, हे सारे जिन्नस फुकट मिळणारे आणि वर्षाहून अधिक टिकणारे आहेत. गळून पडलेले उचलावे, झाड ओरबाडू नये. गुंजेच्या लाल बिया मात्र कितीही मोहक दिसल्या तरी लहान मुले असलेल्या घरात आणू नयेत, कारण त्या चावल्या गेल्यास अत्यंत विषारी ठरतात. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या शिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात परिसरातली पाने, बिया, शिंपले आणि खडे हीच शिक्षणाची साधने झाली. ज्या मुलखात बीसुद्धा धडा शिकवू शकले, तिथे घर सजवण्यासाठी दुकानाची पायरी आधी का चढावी, हे मला अद्याप उमगलेले नाही.

सुकवण्याची विद्याही इथल्या घरांतूनच घ्यावी. कारवीच्या कुडाच्या घरात बियाण्याची कणसे चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असतात, आणि खालची ऊब व धूर त्यांना कीड लागू देत नाहीत. वारली आदिवासींचे तारपा हे वाद्य पाहा. पोकळ सुकवलेला दुधी, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. सुकलेली वनस्पती नीट राखली तर ती नुसती टिकत नाही, गातेसुद्धा. आपल्या घरी चूल नसली तरी तत्त्व तेच आहे, की जिन्नस उंच, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी असावा. फुलांच्या आठ-दहा काड्यांची जुडी रबराने बांधून उलटी टांगावी. सुतळीची गाठ नको, कारण देठ सुकताना बारीक होतात आणि गाठीतून निसटतात, रबर मात्र त्यांच्याबरोबर आवळत जाते. उलटे टांगल्याने मान सरळ राहते आणि अंधारामुळे रंग राहतो. दोन-तीन आठवड्यांनी देठ वाकवून पाहावा. तो कट्‌कन मोडला तर फूल सुकले, लवला तर अजून आत पाणी आहे. गुलाबासारखी भरगच्च फुले बारीक वाळूत पुरून सुकवतात, पण आपल्या किनाऱ्याची वाळू घ्यायची असेल तर ती गोड्या पाण्याने पाच-सहा वेळा धुऊन कडक उन्हात वाळवल्यावाचून वापरू नये.

याचे कारण मीठ. हवेतील आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की साधे मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्रावरचा वारा याच मिठाचे सूक्ष्म कण आपल्या खिडकीतून आत आणून प्रत्येक पाकळीवर ठेवत असतो. म्हणून डहाणूतले सुकलेले फूल समुद्रापासून आत असलेल्या दापचरीच्या बाजूच्या फुलापेक्षा लवकर ओलसर होते. मी स्वतः पहिल्या वर्षी कुरडूचे तुरे जेमतेम दहा दिवस सुकवून, पाऊस येणार या घाईने, पत्र्याच्या ट्रंकेत घट्ट बंद करून ठेवले होते. भाद्रपदात झाकण उघडले तेव्हा रुपेरी तुऱ्यांच्या जागी हिरवट-काळ्या बुरशीचे गोळे होते आणि तो वास ट्रंकेतून वर्षभर गेला नाही. तेव्हापासून मृग लागण्यापूर्वी, एखाद्या कोरड्या दिवशी, दुपारच्या वेळी नाजूक फुले उतरवून मऊ कुंचल्याने झाडतो, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि औषधांच्या डब्यांतून साठवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालतो, आणि ते खोके माळ्यावर, भिंतीला न टेकता ठेवतो. लोंब्यांत पोरकिडे असल्याचा संशय आला तर जुडी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. टेटू, मुरुडशेंग आणि सुरूची बोंडे हे काष्ठवत् जिन्नस पावसाळाभर बाहेरच राहू द्यावेत. अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसणे पुरे.

मांडणीविषयी थोडेच सांगतो. वारली लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आणि त्या तांबूस भूमीवर पांढरी रेघ इतकी ठसठशीत उठते की दुसऱ्या रंगाची उणीव भासत नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच दोन रंगांच्या विद्येसाठी. सुकलेल्या फुलांचे रंगही असेच मोजके असतात, म्हणून त्यांच्यामागे कोरी भिंत असावी, भांडे मातीचे किंवा बांबूचे असावे, आणि एका भांड्यात दोन-तीन जातींहून अधिक गर्दी नसावी. पश्चिमेच्या खिडकीसमोर आणि पंख्याच्या थेट झोतात ती कधीही ठेवू नयेत.

आता प्लॅस्टिकचा प्रश्न. कृत्रिम फुलांशी माझे मुळीच वैर नाही. भेंडाच्या पांढऱ्या गाभ्याची फुले कोरून बाशिंगे सजवणारे कारागीर आपल्याकडे होते, आणि पारशी घरांच्या दारावरचे काचमण्यांचे तोरण, ज्यात मासे, कोंबडे आणि फुले ओवलेली असतात, हे कृत्रिम सजावटीचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आहे. ते आपण मणी आहोत हे लपवत नाही. त्यात ओवणाऱ्या हाताचे श्रम दिसतात आणि म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते. असे तोरण घरी असल्यास दर काही वर्षांनी दोरा तपासावा, कारण खाऱ्या हवेने मणी शाबूत राहतात आणि दोरा कुजतो. चैत्री पौर्णिमेपासून भरणाऱ्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत झेंडूच्या प्लॅस्टिक माळांचे ढीग पाहिले की मात्र मन खट्टू होते, कारण त्याच जिल्ह्यात जव्हारचा शेतकरी मोगरा आणि वसईचा शेतकरी सोनचाफा पिकवून पहाटेच्या बाजाराकडे पाठवत असतो. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. प्लॅस्टिकच्या फुलांवरही बंदी यावी म्हणून फूलउत्पादकांनी २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि माझी सहानुभूती निःसंशय त्यांच्या बाजूला आहे.

तरीही जी कृत्रिम फुले घरात आधीच आहेत ती फेकून कचरा वाढवू नये. कापडी फूल घेताना किंवा धुताना ओल्या पांढऱ्या रुमालाने एक पाकळी पुसून रंग निघतो का ते पाहावे. निघत असेल तर फक्त कुंचल्याने झाडावे. प्लॅस्टिकची फुले रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून, हलवून, सावलीत उलटी टांगून वाळवावीत, कारण उन्हाने त्यांचा रंग उडतो आणि पाकळी ठिसूळ होते. समई, निरांजन आणि उदबत्ती यांपासून कापडी, प्लॅस्टिकची आणि सुकलेली, तिन्ही प्रकारची फुले हातभर दूर असलीच पाहिजेत; गणपतीच्या मखरात ही खबरदारी विशेष घ्यावी.

आणि सुकलेल्या फुलांची मुदत संपली की काय करावे, हेही भगिनींनी विचारले आहे. आमच्याकडे नवे बांधण्याच्या आदल्या दिवशी जुनी जुडी उतरवतो, दोरा सोडतो, आणि बांधावर नेऊन कुरडूचे तुरे दोन्ही तळव्यांत चुरडतो. भुसा वाऱ्यावर जातो, काळ्या बिया मातीत पडतात, आणि पुढच्या पावसात त्याच बांधावर भाजीला पाने मिळतात.