धंदा बुडाला, माणूस बुडालेला नाही



मार्च महिन्यात महिला मंडळाची बैठक संपल्यावर आमच्या वस्तीतल्या एक वहिनी मागे रेंगाळल्या. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, ह्यांचं काय करू? चार महिने झाले, माणूस घराबाहेर पडत नाही."

दादांचा शाळेची दप्तरे शिवण्याचा लहानसा गाळा होता. तीन मशिनी, दोन कारागीर. एका ठोक व्यापाऱ्याने माल उचलला आणि पैसे थकवले. कापडाची आणि चेनची उधारी अंगावर आली, गाळ्याचे भाडे तुंबले, वर गटाच्या कर्जाचा हप्ता. दिवाळीनंतर दादांनी दोन मशिनी विकल्या, गाळा सोडला. तिसरी मशीन घरी आणून कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर चादर टाकली. रात्री झोप नाही, दुपारी अंथरूण सुटत नाही. मुलाने काही विचारले तरी अंगावर ओरडायचे. रविवारी विहारात येणेही बंद केले, कारण एकच, "लोक विचारतील."

दादांच्या आणि वहिनींच्या परवानगीने ही हकीकत येथे देत आहोत. नाव देत नाही. तशी नावाची गरजही नाही, कारण कुणाची वडापावची गाडी, कुणाचे ब्युटी पार्लर, कुणाची हप्त्यावर घेतलेली रिक्षा, कुणाची स्पर्धा परीक्षेतली चार वर्षे, अशी एकेक गोष्ट आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. पैशाचे नुकसान सगळ्यांना दिसते. त्या माणसाच्या आत काय मोडते ते मात्र दिसत नाही. या महिन्यात आपण त्याबद्दल बोलू.

मनाला आणि शरीराला काय होते

अपयशानंतर वाईट वाटणे हा आजार नाही. ज्या कामात वर्षे घातली ते गेले तर माणूस रडणार, चिडणार, गप्प होणार. घरातले कुणी गेल्यावर होते तसेच हे दुःख असते. त्याला वेळ द्यावा लागतो.

अडचण पुढे सुरू होते. काळजीने शरीर सतत सावध राहते. छाती धडधडते, पोट बिघडते, मान-खांदे आखडतात, पहाटे तीनला जाग येते आणि मग हिशेब डोक्यात फिरत राहतात. झोप नाही म्हणून दिवसा अंगात ताकद नाही. ताकद नाही म्हणून काम टाळायचे, माणसे टाळायची. माणसे टाळली की दिवसभरात हसायचे, दोन शब्द बोलायचे, कुणाच्या उपयोगी पडायचे प्रसंगच येत नाहीत. मग मन आणखी खाली जाते. असा हा फेरा आहे. दादा आळशी झाले नव्हते. ते या फेऱ्यात अडकले होते.

या फेऱ्यात अनेक जण दारूचा आधार घेतात. प्यायल्यावर झोप लवकर लागते हे खरे, पण ती झोप मध्यरात्रीनंतर मोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते. कर्ज होते तेवढेच राहते, वर दारूचा खर्च. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. त्यामागे आरोग्याचे हे साधे कारणही आहे.

आधी हिशेब मांडा

मन खाली गेले की माणूस एकच वाक्य घोकतो, "माझ्यानं काही होत नाही." हे वाक्य खरे की खोटे, ते कागदावर तपासा. वहीच्या पानाच्या मधोमध एक रेघ ओढा. एका बाजूला आपल्या चुका लिहा, दुसऱ्या बाजूला आपल्या हातात नव्हते ते लिहा.

दादांनी हे केले तेव्हा एका बाजूला दोनच गोष्टी आल्या. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला दिला, आणि उधारी लेखी घेतली नाही. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याची लबाडी, अचानक वाढलेले भाडे आणि ऐन हंगामात आलेले आजारपण. डाव्या बाजूच्या चुका पुढच्या वेळी सुधारता येतात. उजव्या बाजूचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरण्यात अर्थ नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण शोधले तर वाट सापडते, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती स्वतःच्या हिशेबालाही लावायची एवढेच.

हुरूप आधी येत नाही, काम आधी येते

आपल्याला वाटते, मन बरे झाले की कामाला लागू. बऱ्याचदा उलटे घडते. आधी लहानसे काम होते, मग मन थोडे वर येते. मानसोपचारात उदासीवर वापरली जाणारी एक प्रमुख पद्धत याच तत्त्वावर चालते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. घरी अशी सुरुवात करा:

• रोज ठरल्या वेळी उठा, झोप झाली नसली तरी. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका.

• सकाळच्या उजेडात अर्धा तास चाला. वस्तीत ओळखीचे भेटतील अशी लाज वाटत असेल तर पहिले काही दिवस दुसऱ्या रस्त्याने जा, पण जा.

• दिवसातून एक काम असे करा जे संपल्यावर डोळ्यांना दिसेल. पाणी भरणे, दाराची कडी बसवणे, मुलांचा गृहपाठ घेणे.

• रोज एका माणसाशी पैशाखेरीज दुसऱ्या विषयावर बोला.

• रात्री वहीत लिहा, आज काय केले आणि ते करताना कसे वाटले. 0 ते 10 पैकी गुण द्या. पंधरा दिवसांनी पाने उलटून पाहा. कशाने मन वर आले ते तुमच्याच अक्षरात दिसेल.

पहिल्या दिवशी आनंद वाटणार नाही. वाटला नाही म्हणून सोडू नका. दादांच्या वहीत पहिल्या आठवड्यात सगळीकडे 1 आणि 2 होते. मे महिन्याच्या शेवटी शेजारची मुलगी दप्तराचा तुटलेला पट्टा घेऊन दारात आली. "काका, शाळा सुरू होईल, एवढा शिवून द्या ना." दादांनी मशीनवरची चादर काढली. दहा मिनिटांचे काम. त्या रात्री वहीत 5 आला.

बाईचे अपयश दिसत नाही

पुरुषाचा धंदा बसला तर तो घरात पडून राहतो, सगळ्यांना कळते. बाईचा डब्यांचा धंदा बंद पडला तरी तिला घरातला स्वयंपाक चुकत नाही. ती उठते, राबते, म्हणून तिची उदासी कुणाच्या लक्षात येत नाही. ती सारखी डोके दुखते म्हणत असेल, जेवणावरून मन उडाले असेल, भिशीला किंवा गटाला यायचे टाळत असेल, तर तिला बसवून विचारा. आणि नवऱ्याचा धंदा बुडाल्यावर चार घरची कामे वाढवून घर चालवणाऱ्या बाईलाही विश्रांती लागते, हे घरातल्या मोठ्या मुलांना सांगा.

कर्जाचा तगादा

दारात वसुलीवाला उभा असेल तर मन शांत कसे राहणार? म्हणून हेही माहीत हवे. घेतलेले कर्ज फेडावे लागतेच, पण कर्जदाराचा अपमान करण्याचा हक्क कुणालाही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देणे यांना मनाई आहे.

हप्ता जमणार नसेल तर तोंड लपवू नका. संस्थेत जाऊन लेखी अर्ज द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्रास होत असेल तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. आणि एक कर्ज फेडायला दुसरे कर्ज काढू नका.

घरच्यांनी काय बोलावे

"आम्ही सांगत होतो ना", "अमक्याचा मुलगा बघ कुठे गेला", "पुरुषासारखा पुरुष आणि रडतो काय" ही वाक्ये घरातून हद्दपार करा. आपल्या घरांत आणखी एक वाक्य ऐकू येते. "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, तुला एवढंसुद्धा जमत नाही?" हेतू चांगला असतो, पण खचलेल्या माणसाला ते टोचते. बाबासाहेबांचे आयुष्य कुणाला खाली दाखवण्यासाठी सांगू नये, सोबत म्हणून सांगावे.

धंदा बसल्याचा अनुभव बाबासाहेबांनाही होता. 1917 मध्ये ते बडोद्याच्या नोकरीवर गेले. तिथे जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक फिरले आणि पेढी बंद पडली. आता वहीतली रेघ आठवा. हे अपयश कोणत्या बाजूला लिहाल? त्या काळात त्यांनी शिकवण्या केल्या. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले आणि 1920 मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. त्या वेळी मित्राची आणि शाहू महाराजांची मदत त्यांनी घेतली. मदत घेण्यात कमीपणा नाही, हेही त्यातून शिकावे.

पुढे 1952 ची लोकसभा निवडणूक ते हरले. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. त्या भंडाऱ्यापासून जवळच असलेल्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी काय घडले, ते आपल्या घरातले लहान मूलही सांगेल.

डॉक्टरकडे केव्हा जावे

उदासी रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, कामे थांबली, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा त्रास, अंगात रक्त कमी असणे, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असेच होऊ शकते, म्हणून तपासणी करून घ्या. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पैसे वाचवायला बंद करू नका. त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच स्वतःहून सोडू नयेत. गोळी घेणे म्हणजे वेडे होणे नव्हे.

केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येते.

"मी नसलो तर बरं होईल", "तुमचं ओझं कमी होईल" असे कुणी बोलले तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, घरातली विषारी औषधे आणि गोळ्यांचा साठा दूर ठेवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तातडीला 112 लावा.

दादा आता

दादांनी गाळा पुन्हा घेतलेला नाही. कर्ज अजून आहे, हप्ता कमी करून मिळाला आहे. सकाळी ते दुसऱ्याच्या कारखान्यात शिवायला जातात, संध्याकाळी घरच्या मशीनवर दप्तरे आणि बॅगा दुरुस्त करतात. उधारी नाही, रोख घ्यायचे, वहीत लिहायचे. वस्तीतली दोन मुले त्यांच्याकडे मशीन शिकायला येतात, त्यांना शिकवताना दादा हसतात असे वहिनी सांगतात. मध्यंतरी एका रविवारी ते विहारात आले. लोकांनी विचारलेच, "काय करता सध्या?" दादा म्हणाले, "शिवतो." पुढे कुणी काही विचारले नाही. चहा आला, सगळे प्यायले.

तुमच्या गल्लीतही असे एखादे दार बंद असेल. या रविवारी जाताना ते वाजवा. सल्ला देऊ नका, पैशाचे विचारू नका. त्यांना जे काम येते त्यातले एखादे लहानसे काम सांगा, आणि झाल्यावर त्याचे पैसे द्या.

जय भीम.