तेरा हजार आठशे चोवीस टाके

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत आमच्या घरी जुन्या सुती साड्यांचे एक गाठोडे बांधले जाई. काठ विरलेल्या, पदर फाटलेल्या, पण मधले अंग अजून धड असलेल्या साड्या त्यात असत. हे गाठोडे गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींच्या हवाली होई. मजुरी ठरवताना आधी सासूबाई आणि त्यांच्यानंतर मी एकच वाक्य म्हणत असू : “कापड आमचे, दोराही आमचा, मग उरले काय?” कापडाचा व्यवसाय असलेल्या घरात घासाघीस अंगवळणी पडलेली असते. तिच्यात काही वावगे आहे, असे कधी मनात आले नाही. पुढे सूनबाईंनी स्वयंपाकघर सांभाळले, दुपारचा वेळ मोकळा मिळू लागला आणि एक विरंगुळा म्हणून मी स्वतःच गोधडी शिवायला घेतली. उरले काय, या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा मिळाले.

आपल्या शहराचे कापडाशी नाते फार जुने. हिमरू आणि मशरू ही येथील वस्त्रे, शेजारी पैठणची पैठणी, आणि गुलमंडी, रंगारगल्लीच्या परिसरातील कापड दुकानांत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. गोधडीचे नाव मात्र या मानाच्या यादीत कधी आले नाही, कारण ती बाजारासाठी जन्मलीच नव्हती. रजईत किंवा दुलईत कापूस भरलेला असतो. गोधडीत कापूस नसतो. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकमेकांवर अंथरून ते धावदोऱ्याने एकजीव केलेले असतात. म्हणूनच ती घरी धुता येते. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत तिला वाकळ असेही म्हणतात. ज्या घरात ब्लँकेट विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरातील पौष-माघाची थंडी या वाकळीनेच अडवली. ठिगळांची वस्त्रे पांघरून गावोगाव हिंडणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, यावरून या वस्तूचे नाते कोणाशी होते ते कळते. आपण जो छंद म्हणून करणार आहोत, ती इतरांची गरज होती, ही जाणीव सुई हाती घेतानाच असलेली बरी.

गोधडी कशी घालावी

साडेपाच मीटरची सुती साडी तीन पदरी केली की प्रत्येक पदर सहा फुटांच्या आसपास भरतो आणि पन्हा पावणेचार फुटांच्या जवळ असतो. कडेला पट्टी जोडली की सहा फूट बाय चार फुटांचे अंग सहज तयार होते. हलक्या पांघरुणासाठी तीन थर पुरतात. थंडीसाठी पाच-सहा हवेत, म्हणजे दोन साड्या लागतात. वरचा आणि खालचा थर जरा धडका निवडावा, विरलेले कापड मध्ये घालावे. दुकानातील कटपीसचे नवे कापड वापरायचे असल्यास ते आधी धुऊन घ्यावे. खळ निघून जाते आणि जे आटायचे ते आधीच आटते. रेशीम यात नको. अहिंसेच्या विचाराने अनेक कुटुंबांनी ते वर्ज्य केलेच आहे. शिवाय रेशीम आणि कृत्रिम धाग्याचे कापड सुती थरावरून सरकते आणि धुतल्यावर गोधडीला झोळ येतो.

सर्व थर स्वच्छ फरशीवर अंथरून हाताने सपाट करावेत आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून जागच्या जागी धरून ठेवावेत. या पायरीत घाई केली की पुढे चुण्या पडतातच. मग जाड सुती दोरा आणि मोठी सुई घेऊन कडेपासून आत, फेरावर फेर घालत मध्याकडे यावे. मधल्या बोटात अंगुस्तान हवेच.

टाक्यांचा हिशोब

पहिल्या आठवड्यात बोटांना भोके पडली आणि माझ्यातील व्यापारी जागा झाला. मी वहीत हिशोब मांडला. चार फूट रुंदीत अर्ध्या इंचाच्या अंतराने ९६ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे ५७६ फूट, अर्थात सुमारे पावणेदोनशे मीटर शिवण. सरळ ओळींऐवजी फेर घातले तरी बेरीज जवळपास तेवढीच येते. इंचाला दोन टाके धरले तर १३,८२४ टाके. माझा हात मिनिटाला दहा टाक्यांपलीकडे जात नाही. रोज एक तास बसले तरी तेवीस दिवस लागणार होते.

आश्चर्य असे की, या आकड्याने मन खचण्याऐवजी शांत झाले. आज काम संपणारच नाही हे एकदा ठरले की घाईचे कारण उरत नाही. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची शांती निराळी. तिच्याशी बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण दुपारच्या वेळी दृष्टी एका टाक्यावरून पुढच्या टाक्यावर जात राहते, हात चालतो, आणि सकाळपासून डोक्यात घोळणारी बोलणी हळूहळू मागे पडतात. संध्याकाळी घरचे दुकानातून आले की दुसरे टोक धरून बसू लागले. “ही मालेगावची, ही इचलकरंजीची,” असे कापड ओळखता ओळखता ते एकदा एका फिक्या जांभळ्या तुकड्यावर थांबले. तो त्यांच्या आईच्या साडीचा होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, पण टोकही सोडले नाही.

अशी गोधडी जगात इतरत्रही आहे. बंगालचा कांथा, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी या तिच्या बहिणीच. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक गाव आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तेथे राहतात. तेथील स्त्रिया कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवत. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. काम पूर्वीचेच होते. पाहणाऱ्यांची नजर तेवढी बदलली.

माझी नजर बदलायला वहीतील एक पान पुरले. तेवीस तास म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने जवळजवळ तीन दिवस. मावशींचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालतो असे धरले, तरी एका गोधडीला दीड दिवस जातो. आम्ही इतकी वर्षे देत आलो ती मजुरी एका दिवसाचीही नव्हती. तेव्हा हा छंद ज्या भगिनींना करावासा वाटेल त्यांनी तो अवश्य करावा. पण कारागीर स्त्रियांचे काम बंद करून नव्हे. पहिली गोधडी त्यांच्याकडून शिकून शिवावी, शिकवण्याचे वेगळे मानधन द्यावे, आणि त्यांना काम देताना नगावर नव्हे, दिवसांवर मोल ठरवावे. शिलाई कारागिराला बाजारात दिवसाचे जे मिळते, ते या हाताला का मिळू नये?

यंदा मावशी गाठोडे न्यायला आल्या तेव्हा मी मजुरीचा नवा हिशोब त्यांच्यापुढे ठेवला आणि भीत भीत माझी गोधडीही दाखवली. त्यांनी ती उलटी केली, कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “इथं ताण पडलाय, बाई. तीन फेर उसवावे लागतील.” मग ओसरीवर बसून त्यांनी सुई मागितली, आणि कोपरा कसा वळवायचा ते मला पुन्हा पहिल्यापासून दाखवले.